नाव झाकलेली हॉटेलं: युरोपातल्या शहरांत चांगली खोली कमी पैशांत कशी मिळवावी

युरोपच्या सहलीसाठी विमानाच्या तिकिटाचा भाव आपण महिनोन्‌महिने न्याहाळतो, पण खिसा खरा रिकामा होतो तो हॉटेलांत. पॅरिस, ॲम्स्टरडॅम किंवा रोमला बऱ्या वस्तीतली, स्वच्छ, दोघांची खोली उन्हाळ्यात 150 युरोच्या आत मिळाली तर नशीब समजायचं. हिशोबाला सोपं म्हणून 1 युरो म्हणजे 100 रुपये धरा. बारा रात्रींचे दोन लाख कसे होतात ते कळतही नाही. आणि त्याच हॉटेलात, त्याच रात्री, शेजारच्या खोलीतला माणूस तुमच्यापेक्षा तिसरा हिस्सा कमी देऊन झोपलेला असू शकतो.

यात जादू काही नाही. आजची रिकामी राहिलेली खोली हॉटेलवाल्याला उद्या विकता येत नाही. पण भाव उघड पाडला, तर आधी जास्त पैसे मोजलेलं गिऱ्हाईक जुनं बुकिंग रद्द करून नव्या भावात घेतं, आणि ज्या कंपन्यांशी वर्षाचे दर ठरलेत त्याही कमी करून मागतात. म्हणून उरलेल्या खोल्या नाव न सांगता विकायच्या, अशी पद्धत पडली. साइट तुम्हाला वस्ती, स्टार, पाहुण्यांनी दिलेले गुण आणि सोयी दाखवते; नाव कळतं पैसे भरल्यावर. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मूठ झाकलेली असते म्हणूनच ती स्वस्त.

या झाकल्या मुठीत काय आहे याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. तो कसा बांधायचा आणि त्याच्या आधी-नंतर काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

बोली लावायचे दिवस, आणि आज काय उरलंय

अमेरिकेतल्या प्राइसलाइनने 1998 मध्ये ‘तुमचा भाव तुम्हीच सांगा’ अशी सोय काढली. तुम्ही वस्ती आणि स्टार निवडायचे, आकडा टाकायचा, कार्डाचा नंबर द्यायचा. एखाद्या हॉटेलला तो भाव पटला की पैसे तिथल्या तिथे कापले जायचे. बोली नाकारली तर तीच मागणी पुन्हा करायला एक दिवस थांबावं लागे. मात्र एखादी वस्ती वाढवली तर लगेच नवी बोली लावता येई. पट्टीचे लोक काय करत, तर ज्या वस्तीत चार स्टारचं एकही हॉटेल नाही अशीच वस्ती यादीत घालत. धोका शून्य, आणि एक जादा बोली फुकट.

तो खेळ आता संपला. प्राइसलाइनने आधी विमानाच्या आणि मग हॉटेलांच्या बोली बंद केल्या. म्हणून जुन्या लेखांतले बोलीचे डावपेच वाचून वेळ घालवू नका. आज हाताशी आहे ते असं: प्राइसलाइनचे ‘एक्स्प्रेस डील्स’ (नाव पूर्ण झाकलेलं), तिथलेच ‘प्राइसब्रेकर्स’ (तीन हॉटेलांची नावं दिसतात, त्यांतलं एक मिळतं), हॉटवायरचे ‘हॉट रेट्स’ आणि युरोपात लास्टमिनिट डॉट कॉमची ‘टॉप सीक्रेट’ हॉटेलं. आकडा साइटचा, पण घ्यायचं की सोडायचं हे तुमच्या हातात, म्हणजे घासाघीस उलट्या बाजूने. प्राइसब्रेकर्स नवख्यांना सगळ्यांत सोयीचं वाटतं, कारण तिन्ही हॉटेलं आधी नीट तपासता येतात.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. प्राइसलाइन, बुकिंग डॉट कॉम, अगोडा आणि कायाक ही एकाच घरातली भावंडं आहेत. एक्सपीडिया, हॉटेल्स डॉट कॉम आणि हॉटवायर हे दुसरं घर, आणि ट्रिव्हागोचा मोठा हिस्साही त्याच घराकडे. तेव्हा ‘मी पाच साइट पाहिल्या’ म्हणताना प्रत्यक्षात दोनच दुकानं पाहिलेली असतात. दोन्ही घरांतली एकेक साइट आणि तिसरी हॉटेलची स्वतःची, एवढं पाहिलं तरी पुरे.

पहिली पायरी: व्हिसा येईपर्यंत झाकलेल्या खोलीला हात लावायचा नाही

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी हा सगळ्यांत महत्त्वाचा नियम, आणि इंग्रजी लेखांत तो सापडणार नाही, कारण ते लिहिणाऱ्यांना शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा) लागत नाही. नाव झाकलेलं बुकिंग रद्द होत नाही, तारीख बदलत नाही, पैसे परत येत नाहीत. व्हिसा नाकारला तर 90 युरोची फी जातेच, वर हॉटेलांचे पैसेही जातात.

म्हणून दोन टप्पे करायचे. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. त्या वेळी सगळ्या रात्रींची, फुकटात रद्द होणारी, नंतर पैसे द्यायची बुकिंगं करा. कागदावर प्रवासातल्या सगळ्यांची नावं पासपोर्टावर आहेत तशीच यायला हवीत. एकाच नावाचा कागद निघाला तर हॉटेलला किंवा साइटला लिहून बाकीची घालून घ्या. ‘व्हिसापुरतं बुकिंग’ पाच-सातशे रुपयांत विकणारे एजंट मुंबई-पुण्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका. वकिलातीतून हॉटेलला विचारणा होऊ शकते, आणि खरं रद्द होणारं बुकिंग तुम्हाला फुकटच मिळतंय.

ही बुकिंगं नुसती व्हिसापुरती नव्हेत. तीच तुमची हक्काची खोली आणि तोच तुमचा मूळ भाव. व्हिसा हातात आला की शिकार सुरू. चांगलं सापडलं तर बदलायचं, नाही सापडलं तर काही बिघडत नाही, डोक्यावर छप्पर आहेच. त्याच शहरात हॉटेल बदललं तर व्हिसाला बाधा येत नाही. मात्र ज्या देशाने व्हिसा दिला तिथल्या रात्री कापून मुक्काम दुसऱ्याच देशात हलवू नका, आणि नव्या हॉटेलचा कागद विमानतळावर जवळ असू द्या.

दुसरी पायरी: मूळ भाव खरा काढा

तुलना करायची ती शेवटच्या पानावरच्या रकमेची. अमेरिकी साइटवर झाकलेल्या खोलीचा मोठ्या अक्षरांतला आकडा अनेकदा करांशिवायचा असतो, त्यावर ‘कर आणि शुल्क’ चढतं. युरोपी साइटवर व्हॅट (तिकडचा जीएसटी म्हणा) आधीच धरलेला असतो. डॉलर आणि युरो यांची सरमिसळही इथेच होते. दोन्ही आकडे रुपयांत करा आणि मगच शेजारी ठेवा.

त्यावर शहराचा कर वेगळा. तो बहुतेक ठिकाणी काउंटरवर द्यावा लागतो आणि कुठल्याच सवलतीत कमी होत नाही. रोममध्ये ऑक्टोबर 2023 पासून तीन स्टारला माणशी रात्री 6 युरो, चार स्टारला 7.50 आहे. दोघे चार रात्री चार स्टारमध्ये राहिले की 60 युरो, म्हणजे सहा हजार रुपये. दहा वर्षांखालच्या मुलांना तो नाही. ॲम्स्टरडॅममध्ये 2024 पासून खोलीच्या भाड्यावर 12.5 टक्के, बर्लिनमध्ये 2025 पासून 7.5 टक्के. टक्क्यांच्या शहरात स्वस्त खोलीवर करही कमी बसतो; माणशी कराच्या शहरात चार स्टार ‘स्वस्तात’ घेताना कर मात्र चार स्टारचाच भरावा लागतो. प्राग अजून सुसह्य आहे, माणशी रात्री 50 क्राउन.

मग हॉटेलची स्वतःची साइट उघडा. पूर्वी बुकिंग डॉट कॉमच्या करारात अट असे की हॉटेलने आपल्या साइटवर आमच्यापेक्षा कमी भाव लावायचा नाही. फ्रान्सने 2015 मध्ये, मग ऑस्ट्रिया, इटली आणि बेल्जियमने कायद्याने ती मोडली, जर्मनीत स्पर्धा आयोगाने तिला मनाई केली, आणि 2024 मध्ये युरोपीय महासंघाच्या डिजिटल बाजार कायद्याखाली ती सगळीकडूनच गेली. त्यामुळे आता हॉटेल स्वतः पाच-दहा टक्के कमी किंवा न्याहारी फुकट देऊ शकतं. लहान, घरगुती हॉटेलांना सरळ मेल टाकावा: तीन रात्री राहणार आहोत, अमुक साइटवर इतका भाव दिसतोय, थेट घेतलं तर काय देता? चार ओळींचा हा मेल म्हणजे आजची खरी बोली. जत्रेच्या दिवसांत उत्तर येणार नाही, नोव्हेंबरात येईल.

बुकिंग डॉट कॉमवर खातं उघडून आत शिरलात की ‘जीनियस’ या सभासद-योजनेची पहिली 10 टक्क्यांची सवलत काही हॉटेलांवर लागते. दोन वर्षांत पाच बुकिंगं झाली की दुसरी पातळी. घरात चौघांची चार खाती असण्यापेक्षा सगळी बुकिंगं एकाच खात्यावरून करावीत, हे त्यामुळेच.

या सगळ्यातून जो सर्वांत कमी, रद्द होणारा भाव निघेल तो तुमचा मूळ भाव. माझा नियम सरळ आहे: झाकलेली खोली करांसह त्याच्यापेक्षा किमान 25 टक्के स्वस्त नसेल तर घ्यायची नाही. दहा टक्क्यांसाठी रद्द करायची मुभा सोडणं हा आतबट्ट्याचा व्यवहार.

तिसरी पायरी: तारखा

झाकलेल्या खोल्या निघतात कधी? हॉटेल रिकामं असेल तेव्हा. आणि युरोपातली मोठी हॉटेलं रिकामी पडायची वेळ पर्यटकाच्या कल्पनेपेक्षा वेगळी असते. ब्रुसेल्सला सोमवार ते गुरुवार महासंघाच्या बैठकांची गर्दी. शुक्रवार-शनिवारी आणि ऑगस्टमध्ये तीच हॉटेलं ओस. फ्रँकफर्टचंही तसंच, बँकवाले गेले की खोल्या मोकळ्या. उलट व्हेनिस, प्राग, बार्सिलोना शनिवार-रविवारी महाग. म्हणून मार्गातली शहरं अशी फिरवा की कचेऱ्यांच्या शहरात शनिवार-रविवार येईल आणि पर्यटकांच्या शहरात आठवड्याचे मधले दिवस. एवढ्या फेरफारानेच जे वाचतं ते कुठल्याही कूपनने वाचत नाही.

जत्रा मात्र टाळायच्याच. म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होतो हे विसरून अनेक जण फसतात. एप्रिलमध्ये मिलानचा फर्निचर मेळा आणि हानोव्हरचा औद्योगिक मेळा, फेब्रुवारी-मार्चच्या सांध्यावर बार्सिलोनाची मोबाइल काँग्रेस, ऑक्टोबरात फ्रँकफर्टचा पुस्तक मेळा. या दिवसांत साधी खोली तिप्पट भावाने जाते आणि झाकलेली निघतच नाही. तारीख ठरवण्याआधी शहराच्या मेळा-मैदानाचं वेळापत्रक बघायला दोन मिनिटं लागतात.

आपली सुट्टी मे महिन्यातली. मे-जूनमध्ये उत्तर इटली आणि पॅरिस गच्च असतात. मुलांच्या शाळेमुळे इलाज नसेल तर तिथल्या झाकलेल्या खोल्यांवर फार भरवसा ठेवू नका. दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरात, हा खेळ उत्तम जमतो.

चौथी पायरी: वस्तीचा नकाशा

झाकलेल्या खोलीत वस्ती नकाशावर रंगवलेली दिसते, आणि फसगत होते ती इथे. त्या रंगवलेल्या पट्ट्याच्या सर्वांत वाईट टोकाला हॉटेल आहे असं धरूनच चाला. त्या टोकावर बोट ठेवा, जवळचं स्टेशन शोधा, आणि तुम्हाला जायचंय तिथपर्यंतचा वेळ गूगल मॅपवर सकाळी नऊ आणि रात्री दहा अशा दोन्ही वेळांना काढा. रात्री दहाची बस तासाला एकच असेल तर खोली फुकट मिळाली तरी नको.

पॅरिसमध्ये ला देफान्स हा उंच इमारतींचा कचेऱ्यांचा भाग आहे. रविवारी उदास वाटतो, पण मेट्रोची एक नंबरची लाइन आणि आरईआर ए ही उपनगरी ट्रेन दोन्ही तिथून थेट शहराच्या पोटात नेतात, आणि शनिवार-रविवारी तिथल्या चार स्टार खोल्या पडेल भावात निघतात. मी तो भाग बिनधास्त घेईन. ‘पॅरिस उत्तर’ किंवा शार्ल द गोल विमानतळाचा पट्टा घेणार नाही. ॲम्स्टरडॅममध्ये स्लोटरडाइक घ्या, मुख्य स्टेशनपर्यंत ट्रेनने पाच-सहा मिनिटं. रोममध्ये टर्मिनी या मुख्य स्टेशनच्या आसपास रात्री जरा कळकट वाटतं, पण दोन मेट्रो लाइन आणि बहुतेक ट्रेन तिथून. ऑरेलिया रस्त्यावरची मोठी, तलावबिलाव असलेली हॉटेलं फोटोत झकास दिसतात आणि बसची वाट पाहण्यात अर्धा दिवस जातो. व्हेनिसचा भाव पाहून छाती दडपली तर मेस्त्रे स्टेशनजवळची खोली. ट्रेन दहा-बारा मिनिटांत पाण्याकाठी सोडते. पण ‘मेस्त्रे’ म्हणून मार्गेरा किंवा विमानतळाकडची गळ्यात पडू शकते. लंडनला डॉकलँड्स शनिवार-रविवारी ला देफान्ससारखंच वागतं.

पाचवी पायरी: नाव ओळखणं

इथे थोडा वेळ द्या, खरी गंमत इथे आहे. ब्रुसेल्सचं उदाहरण घेऊ. आकडे निव्वळ समजावण्यापुरते.

ऑगस्टमधला शुक्रवार आणि शनिवार, दोघे जण. झाकलेली खोली दिसते ती अशी: चार स्टार, युरोपीय क्वार्टर (महासंघाच्या कचेऱ्यांचा भाग), पाहुण्यांचे गुण 8 च्या वर, व्यायामशाळा, रेस्टॉरंट, पाळीव प्राण्यांना मुभा, पार्किंग सशुल्क. भाव रात्रीला 78, आणि वर लिहिलंय ‘45 टक्के सूट’.

आधी उलटा हिशोब करा. सूट 45 टक्के म्हणजे 78 हा मूळ भावाचा 55 टक्के भाग. 78 ला 0.55 ने भागलं की 142 येतात. म्हणजे हे हॉटेल त्याच साइटवर उघड नावाने साधारण 142 ला विकलं जात असणार. आता त्याच साइटची नेहमीची यादी दुसऱ्या टॅबमध्ये उघडा. तारखा त्याच, माणसं तितकीच, चलन तेच. चार स्टार आणि युरोपीय क्वार्टर असे फिल्टर लावा. समजा, अकरा हॉटेलं उरली. त्यांतली 130 ते 155 मधली वेगळी काढा: चार. गुण 8 च्या वर असलेली: तीन. आता सोयी एकेक करून लावा. पाळीव प्राणी चालतात? दोन उरली. उघड यादीत एकाकडे सौना आहे, झाकलेल्या यादीत सौनाचा उल्लेख नाही. एक उरलं.

काही बारकावे. सगळ्यांकडे असलेल्या सोयी, म्हणजे वायफाय, रेस्टॉरंट, एसी, ओळखायला कुचकामी. उपयोगी पडतात त्या अवघड सोयी: जलतरण तलाव, विमानतळाची गाडी, खोलीत स्वयंपाकाचा कट्टा, प्राण्यांना मुभा, फुकट पार्किंग. तलाव असलेलं चार स्टार हॉटेल युरोपात शहराच्या मध्यात क्वचित असतं, त्यामुळे ‘तलाव’ हा एक शब्द दिसला की निम्मं काम झालं. मूळ भाव तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा ठेवू नका. टक्के पूर्णांकात दाखवतात आणि भाव तासातासाला हलतात, दोन्ही बाजूंना सात-आठ टक्क्यांचा फरक धरून चाला. आणखी एक खूण: साइट ज्या हॉटेलचा उघड भाव दाखवते पण तो इतर सगळीकडच्या भावापेक्षा फुगलेला वाटतो, तिथली ‘45 टक्के सूट’ प्रत्यक्षात 20 च असते. म्हणून नाव हाती लागलं की पुन्हा मूळ भावाशी तुलना करा. कितीदा तरी त्या हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर रद्द होणारी खोली 90 ला मिळत असते. मग 12 युरोंसाठी हात बांधून घ्यायचे कशाला?

एकच नाव उरलं नाही, दोन-तीन उरली, तर? मग एकच प्रश्न विचारायचा: यांतलं सगळ्यांत वाईट हॉटेल मिळालं तर चालेल का? त्याचे अलीकडच्या दोन-तीन महिन्यांतले अभिप्राय वाचा, कमी गुणांचे आधी. ढेकूण, बंद पडलेली लिफ्ट, रात्रभर शेजारी बांधकाम, यांतलं काही दिसलं तर सौदा सोडा, बाकीची दोन कितीही छान असोत. ‘बहुतेक चांगलंच मिळेल’ म्हणून पैसे भरणाऱ्याला हा प्रकार लवकरच नकोसा होतो. जो वाईटात वाईट धरून भरतो त्याला प्रत्येक वेळी थोडं सुखद आश्चर्यच वाटतं.

स्टारवर फार जाऊ नका. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स, चेक प्रजासत्ताक वगैरे देशांनी 2009 नंतर हॉटेलांच्या वर्गवारीचे समान निकष धरले. फ्रान्स, इटली आणि स्पेनची गणितं आपापली, इटली-स्पेनमध्ये तर प्रांताप्रांताची. शिवाय झाकलेल्या खोलीवरचे स्टार साइटने स्वतः दिलेले असू शकतात. बर्लिनचं साखळीतलं तीन स्टार आणि रोममधलं जुन्या वाड्याच्या तिसऱ्या मजल्यावरचं तीन स्टार यांची बरोबरी नाही. माझ्या लेखी 8 च्या वर गुण असलेलं तीन स्टार 7.2 वाल्या चार स्टारपेक्षा केव्हाही चांगलं.

कोणी या फंदात पडू नये

झाकलेल्या खोलीत हमी असते ती दोन मोठ्यांच्या निजण्याची. एक मोठा पलंग की दोन वेगळे, हे हॉटेल ठरवतं. तिसरा पलंग मिळेलच असं नाही, आणि युरोपात ‘मुलगा आमच्यातच झोपेल’ हे काउंटरवर चालत नाही. आगीच्या धोक्यामुळे एका खोलीत किती माणसं असावीत याचे नियम तिथे काटेकोर पाळतात. आई-वडील आणि दोन मुलं असा गोतावळा असेल तर नावाचं, चौघांच्या खोलीचं बुकिंगच घ्या, नाहीतर स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट. आजी-आजोबा बरोबर असतील तर लिफ्ट आणि अंघोळीचा टब (की उंबऱ्याशिवायचा शॉवर) या गोष्टी नशिबावर सोडायच्या नसतात. मैत्रिणी-मैत्रिणी निघाल्या असतील तर एकच पलंग गळ्यात पडायची तयारी हवी. पहिल्या रात्रीची खोलीही उघड नावाचीच असू द्या: मध्यरात्री उतरून, सामान ओढत, ‘आमच्याकडे तुमचं नाव नाही’ ऐकायची ती वेळ नव्हे.

चहाची किटली खोलीत असेलच असंही नाही, विशेषतः फ्रान्स-इटलीत. उपमा-पोह्यांची पाकिटं नेणाऱ्यांनी लहान प्रवासी किटली बरोबर ठेवावी, नाहीतर सकाळी स्वागतकक्षात गरम पाणी मागत उभं राहावं लागतं.

सहावी पायरी: पैसे भरताना

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवं कार्ड फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू असतं. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी आणि ऑनलाइन वापर आधी चालू करा, मर्यादा ठरवा, काम झाल्यावर बंद करा. परदेशी साइटवर ओटीपी न येताच पैसे कटू शकतात, त्यामुळे ‘पक्कं करा’ हे बटण दाबण्याआधी तारखा एकदा मोठ्याने वाचा. अमेरिकी साइटवर 07/08 म्हणजे 8 जुलै, 7 ऑगस्ट नव्हे.

साध्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा अधिभार साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 4.13 टक्के. हा आकडा तुलनेत धरा. अधिभार नसलेलं कार्ड असेल तर तेच वापरा. हॉटेलच्या मशीनवर ‘रुपयांत देऊ का’ असं विचारलं की नाही म्हणा, युरोच निवडा. रुपयांचा दर मशीनवाला आपल्या सोयीने लावतो.

अमेरिकी साइटवर बिलाच्या पत्त्यात भारत चालतो का, हे शिकार सुरू करण्याआधीच शेवटच्या पानापर्यंत जाऊन पाहून घ्या. नसेल चालत आणि न्यू जर्सीत भाचा असेल, तर त्याच्या कार्डाने होतं. मात्र पाहुण्याच्या नावाच्या रकान्यात तिथे प्रत्यक्ष उतरणाऱ्याचंच नाव, पासपोर्टाप्रमाणे. भाच्याचं नाव पडलं आणि बुकिंगमध्ये बदल चालत नसेल, तर काउंटरवर बसा समजावत.

सातवी पायरी: खोली मिळाल्यावर

नाव कळलं, कागद मेलमध्ये आला. आता घाईने जुनं बुकिंग रद्द करू नका. आधी हॉटेलला मेल: बुकिंग क्रमांक, आगमनाची वेळ, दोन वेगळे पलंग हवेत का, वरच्या मजल्यावर शांत खोली मिळेल का. साइटवरून आलेलं बुकिंग कधीकधी हॉटेलच्या यादीत चढायला थोडा वेळ लागतो. ‘होय, तुमचं नाव आहे’ असं उत्तर आलं की मगच जुनं रद्द. आणि ते मुदतीत. मुदत हॉटेलच्या घड्याळाची असते; पॅरिसची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेतीन, हिवाळ्यात साडेचार. मोबाइलमध्ये दोन दिवस आधीचा गजर लावा.

हॉटेलच्या नावाने ‘कार्ड पुन्हा पडताळा, नाहीतर बुकिंग रद्द होईल’ असा निरोप लिंकसकट आला, तो बुकिंगच्या ॲपमधल्या चॅटमध्ये आला तरी, लिंक दाबायची नाही. हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरचा फोन नंबर शोधून विचारायचं. ही फसवणूक सर्रास चालते.

अनामत रकमेसाठी हॉटेल क्रेडिट कार्ड मागेल. फॉरेक्स किंवा डेबिट कार्डावर अडवलेली रक्कम सुटायला दिवस लागतात, त्यामुळे त्या कामाला क्रेडिट कार्डच द्या.

शेवटी उरल्यासुरल्या बोली. काही मोठ्या हॉटेलांकडून मुक्कामाच्या आठवडाभर आधी मेल येतो: वरच्या दर्जाच्या खोलीसाठी किती जादा द्याल? ही खरीखुरी बोली आहे. किमान रकमेच्या थोडी वरची बोली लावून सोडून द्या. लागली तर लागली. पैसे फक्त मंजूर झाल्यावर कापतात. मात्र साइटवरून झाकून घेतलेल्या खोल्यांना हा मेल बहुधा येत नाही, थेट घेतलेल्यांना येतो. नेदरलँड्समध्ये व्हकान्सीव्हायलिंगनसारख्या साइटवर मुक्कामांचा लिलावच चालतो, पण तो डच भाषेत आणि तिथल्या रहिवाशांना डोळ्यांसमोर ठेवून. आइंडहोव्हनला मुलगा-सून असतील तर त्यांना सांगून पाहा. हॉटेलटुनाइटसारखी आयत्या वेळची ॲप एकट्या-दुकट्याला, एका बॅगेवर फिरणाऱ्याला ठीक. चार बॅगा आणि दोन मुलं घेऊन संध्याकाळी पाच वाजता प्रागच्या स्टेशनवर उभं राहून खोली शोधायची असेल, तर त्याआधी घरच्यांची परवानगी घ्यावी.